कुंभारणीने नाकारलेली माती

फार पूर्वी समुद्रातल्या एका खडकावर एक किल्ला होता आणि त्या किल्ल्यात एक कुंभारीण राहत होती. तिचं नाव भिवरा. किल्ल्यात चारशे माणसं, गोड्या पाण्याचं एक तळं आणि पायाखाली सगळा कातळ. मूठभर माती हवी असली तरी ती किनाऱ्यावरून होडीने आणावी लागे.

पावसाळ्याचे चार महिने दर्या खवळलेला असे आणि होड्या बंद. तांदूळ, नाचणी, सुकी मासळी कोठारात भरलेली असे, पण हिरवं पान कोणाच्या दृष्टीस पडत नसे. आदल्या वर्षी श्रावणात लोकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पाय सुजले, दात हलले. लोहारणीची सात वर्षांची मुलगी त्यातच गेली.

म्हणून किल्लेदाराने ठरवलं, की ह्या वर्षी घराघरापुढे कुंड्यांत भाजी लावायची. भिवराने सगळा हिवाळा चाक फिरवलं आणि तीनशे कुंड्या भाजून दिल्या. माती आणायचं काम कारभाऱ्याकडे गेलं.

कारभाऱ्याची किनाऱ्यावर भातशेती होती. त्याने आपल्याच खाचरातली माती होड्या भरभरून आणली. काळसर, लोण्यासारखी मऊ माती! चौकात तिचा ढीग घालून तो म्हणाला, "ही माझ्या वाडवडलांची माती. हिच्यात भात कमरेएवढं वाढतं. प्रत्येकाने हीच भरायची. किल्लेदारांचा तसा हुकूम आहे."

लोक घमेली घेऊन पुढे झाले. भिवराने मूठभर माती उचलली, पाणी लावून तिची वळी केली आणि बांगडीसारखी वाकवली. वळीला एक भेगसुद्धा पडली नाही.

"ही माती मी भरणार नाही," ती म्हणाली.

"का? हिला काय झालं?"

"काही झालेलं नाही. मडक्यांना उत्तम आहे. पण कुंडीत भरली की पावसात पाणी तुंबेल आणि दोन दिवस ऊन पडलं की तिची वीट होईल. मुळांनी श्वास कुठून घ्यायचा?"

"मग माझं भात कसं वाढतं?" कारभाऱ्याने विचारलं.

"भाताला पाय पाण्यात ठेवायला आवडतं, कारभारी. मिरचीला नाही आवडत."

"मडकी करणारीने मडकी करावी. आम्हाला शेती शिकवू नये!"

चौकातले लोक हसले. भिवरा रिकामं घमेलं घेऊन घरी गेली.

ओळखीच्या एका कोळ्याला सांगून तिने किनाऱ्यावरच्या रानातली भुसभुशीत तांबडी माती मागवली. दोरखंड वळणाऱ्यांकडून काथ्याचा भुगा आणला, कांडणघरातून भाताचं तूस आणलं. मागल्या वर्षीचं, वास मेलेलं शेणखत घेतलं. फुटक्या मडक्यांचा बारीक भरडा केला. हे सगळं कालवून मुठीत दाबलं की गोळा होई आणि बोटाने टोचला की गोळा सुटे. असं जमेपर्यंत ती एकेक जिन्नस कमीजास्त करत राहिली. मग कुंडीच्या तळाच्या भोकावर खापर आडवं ठेवून तिने आपल्या तीस कुंड्या भरल्या आणि अंबाडी, माठ, भेंडी, मिरची लावली.

कारभाऱ्याला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने तिला सदरेवर किल्लेदारापुढे उभं केलं. भिवराने दोन कुंड्या मागवल्या, एक कारभाऱ्याच्या मातीची, एक आपली. दोन्हींत तांब्या तांब्या पाणी ओतलं. तिच्या कुंडीतलं जास्तीचं पाणी खालून निथळलं. कारभाऱ्याच्या कुंडीत ते तसंच वर डुलत राहिलं.

कारभारी खूश झाला. "बघा सरकार! हिच्या कुंडीत पाणी टिकत नाही. झाडं तहानेने मरतील."

किल्लेदार लढाईतला माणूस, त्याने आयुष्यात रोप लावलं नव्हतं. त्याला कारभाऱ्याचं पटलं. "बाई, सगळे एक करतात, तू वेगळंच करतेस. कुंड्या रिकाम्या कर."

"नाही करणार, सरकार."

किल्लेदाराला असं कोणी म्हणत नसे.

"मग तुझ्या कुंड्या पश्चिमेच्या तटाशी जातील. सगळ्यांबरोबर तुला जागा नाही."

पश्चिमेच्या तटावरून खारं पाणी उडे, तिथे गवतही उगवत नसे. भिवराने एकेक कुंडी डोक्यावर घेऊन तीस खेपा केल्या. कोणी हात लावला नाही. तिने झावळ्या विणून आडोसा उभा केला. वारा तो पाडी, ती पुन्हा उभा करी. हात सोलवटले. कधी कधी रडूही येई, पण माती बदलायचं तिच्या मनात आलं नाही.

पाऊस लागला, होड्या बंद झाल्या. महिनाभरात घरांपुढच्या कुंड्यांत चिखल साचला. रोपं पिवळी पडली आणि उपटली तर मुळांना कुजका वास येई. मध्ये चार दिवस उघडीप मिळाली, तर चिखल वाळून कुंडीच्या कडेपासून सुटला आणि उरलीसुरली मुळं तटातट तुटली. कारभारी सांगत राहिला, "माती चांगली आहे, तुम्हालाच लावता येत नाही." लोक मान खाली घालून पुन्हा बी टाकत.

पश्चिमेच्या तटाशी मात्र अंबाडी गुडघ्याएवढी झाली होती.

श्रावणात लोहाराच्या हिरड्यांतून रक्त आलं. लोहारीण घाबरून भिवराकडे धावत आली. भिवराने तिची ओटी पाल्याने भरली. आठवडाभर तो पाला खाऊन लोहार उठून बसला, तशी बातमी पसरली. कारभारी दोन शिपाई घेऊन तटाशी आला.

"हुकूम मोडून लावलेली भाजी आहे ही. कोठारात जमा कर."

भिवरा कुंड्यांपुढे आडवी उभी राहिली. "ही भाजी आजाऱ्यांच्या ताटात जाईल. कोठारात नाही जाणार. आणि कारभारी, तीस कुंड्या चारशे माणसांना पुरायच्या नाहीत. तुमच्या कुंड्या उपसा. अजून वेळ आहे."

"होड्या बंद आहेत! नवी माती आणणार कुठून?"

"नवी कशाला? तुमचीच वाळवून फोडू. एक घमेलं तिचं, बाकी काथ्या, तूस, शेणखत, भरडा. ती माती वाईट नाही. एकटी वाईट आहे."

"हुकूम आहे," कारभारी म्हणाला. "एकही कुंडी उपसली जाणार नाही."

पाला न्यायला आलेली लोहारीण हे ऐकत होती. ती तडक आपल्या दाराशी गेली. तिने पहिली कुंडी उचलली आणि चौकात पालथी केली. मातीचा गोळा कुंडीच्या आकाराचाच बाहेर पडला, चिंब आणि कुबट. "माझी पोर गेली," ती म्हणाली. "आता कोणाचा हुकूम मी ऐकू?"

दुसरी कुंडी शेजारणीने पालथी केली. मग चौकात धप्प धप्प असे आवाज येतच राहिले. मागोमाग चौकात आलेला कारभारी ओरडत होता. ओरडता ओरडता त्याने मागे पाहिलं, तर त्याची स्वतःची बायको पदर खोचून कुंडी उचलत होती. तिच्या हिरड्यांतूनही आठ दिवस रक्त येत होतं. तिने ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

गलका ऐकून किल्लेदार आला. "हे कोणी करायला लावलं?"

"मी," भिवरा गर्दीतून पुढे येऊन म्हणाली.

"शिक्षा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पंचवीस दिवसांनी द्या. तोवर माठ हाताशी येईल."

किल्लेदाराने चौकातल्या बायकांकडे पाहिलं. एकीनेही नजर खाली केली नाही. तो मागे फिरला.

माती वाळवायला तळ्याकाठची पडवी रिकामी केली. कोणी जुने दोरखंड उकलले, कोणी खापरं कुटली. पंचविसाव्या दिवशी घराघरात माठाची भाजी शिजली. त्या वर्षी किल्ल्यात कोणी दगावलं नाही.

किल्लेदाराने सदर भरवली. कारभारी एका बाजूला खाली मान घालून उभा होता. "भिवरा, मी चुकलो," किल्लेदार म्हणाला. "आजपासून हुकूम असा, की प्रत्येक कुंडीत तुझंच मिश्रण भरायचं. कोणी दुसरं काही वापरलं तर त्याला शिक्षा."

"नको, सरकार."

"आता काय झालं?"

"हा हुकूमही मला मान्य नाही. सावलीतल्या कुंडीला भरडा जास्त लागतो, उन्हातल्या कुंडीला काथ्या. पुढल्या वर्षी पाऊस कमी झाला तर माझंच माप चुकेल. आणि मग चुकतंय हे दिसत असूनही, हुकूम आहे म्हणून कोणी कुंडी उपसणार नाही."

किल्लेदार म्हणाला, "मग लोकांना सांगू तरी काय?"

"एवढंच सांगा, की रोज सकाळी कुंडीत बोट घालून बघायचं. मग तिला काय हवं ते द्यायचं."

किल्लेदार उठून सदरेच्या पायरीशी गेला. तिथे त्याची स्वतःची कुंडी होती. तिला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती. त्याने बोट आत घातलं. बोट चिखलाने बरबटून बाहेर आलं. सगळ्यांसमक्ष तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी कुंडी पालथी केली.

तात्पर्य: हुकूम माणसांवर चालतो, मुळांवर चालत नाही. हाताला जे खरं लागलं त्यासाठी सगळ्यांपुढे 'नाही' म्हणावं, आणि आपलाच शब्द हुकूम होऊ लागला तर त्यालाही 'नाही' म्हणावं.