समोरच्या गवयाचा तंबोरा

"मग पाचवं कुलूप कुठं लावू, बाबा?"

घुडूबाबा चिंचेखाली बसून चहात पाव बुडवत होते. मिरजेच्या वेशीबाहेरचा हा फकीर भल्याभल्यांना एका वाक्यात गप्प करी. विचारणारा होता विद्याधर मगदूम. तरुण गवई, तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, आणि आपल्यासारखे आपणच, याची पक्की खात्री बाळगणारा.

"आधीची चार कुठं लावलीस?"

"एकाच कडीला! मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, नवी कडी कुठली? म्हणून पहिल्या कुलपात दुसरं अडकवलं, दुसऱ्यात तिसरं..."

"द्राक्षांचा घड झाला की रे. म्हणजे पहिलं तोडलं की बाकीची चोराला फुकट?"

विद्याधरनं यावर विचार केला नव्हता. पण कबूल करणारा गडी नव्हता तो.

"थट्टा नको, बाबा! परवा बार्शीला बहिणीचं लग्न. भाऊ नसेल तर कसं चालेल? आणि मी गेलो नि मागं माझ्या गुरुजींचा तंबोरा गेला तर? मरताना हातात दिलाय त्यांनी! एसटीत नेला तर भोपळा फुटेल. हे बघा, पेपरात आलंय. आमच्या शेजारच्याच गल्लीत!"

"वाच."

"बंद घर फोडले."

"कसलं घर?"

"बंद घर."

"आणि तू काय करतोयस?"

"बंद..."

चिंचेवरून एक पान चहात पडलं. बाबांनी ते काढून पाव खाल्ला.

"जा. आता स्वतःचं घर फोड."

"काय?"

"भरदिवसा. तंबोरा पळवून इथं आण."

विद्याधर गेला. कुलपांचा घड सोडला, गवसणी घातलेला तंबोरा खांद्याला लावला आणि चोरपावलांनी जिना उतरू लागला.

दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ भेटले.

"घर बदलताय वाटतं? पंखा सोडून जाताय का हो? आम्हाला हवा होता."

खाली वॉचमननं सलाम केला आणि रिक्षा थांबवून दिली. वर म्हणाला, "बाकीचं सामान कधी काढताय, साहेब?"

चिंचेखाली पोचताच विद्याधरनं तंबोरा खाली ठेवला.

"बाबा, कुणीसुद्धा अडवलं नाही! भाडेकरूचं सामान चाललं, एवढंच! उद्या खरा चोर आला तर हे लोक त्याला हात लावतील... उचलायला!"

बाबांनी तंबोऱ्याची गवसणी ओढून काढली, घडी केली आणि डोक्याखाली घेऊन आडवे झाले.

"अहो, गवसणी..."

"उशी बरी आहे. तू जा, तंबोरा जागेवर ठेव."

विद्याधर उघडा तंबोरा घेऊन निघाला. पोटाशी धरलेला, मूल धरावं तसा. तिसऱ्या मजल्यावर वळताना तारा कठड्याला घासल्या.

झंऽऽऽ...

समोरच्या फ्लॅटचं दार धाडकन उघडलं. तोडकर काकू. हातात पोळ्यांचं लाटणं.

"थांब रे! कुणाचा तंबोरा हा?"

"माझा."

"तुझा? हा समोरच्या गवयाचा! रोज पहाटे ऐकते मी. चोर! अहो, चोर सापडला!"

बघता बघता जिना भरला. पंखा मागणारे गृहस्थ आले, "मघाशी भाडेकरू समजून यालाच सलाम ठोकला!" म्हणत वॉचमन आला, वरच्या मजल्यावरचे पैलवान बनियनवर आले. कुणी गचांडी धरली, कुणी कान. तंबोरा मात्र काकूंनी आधीच हळूच काढून आपल्या दिवाणावर, गादीवर नीट निजवला होता.

"अहो, तो गवई मीच!" विद्याधर ओरडला.

"चेहरा कुणी बघितलाय?" पैलवान म्हणाले. "गाऊन दाखव!"

कान पैलवानांच्या मुठीत, आणि विद्याधरनं भैरव लावला. जीव ओतला हो! जिन्यातल्या कबुतरांनीसुद्धा फडफड थांबवली म्हणतात. आलाप चढत गेला, वरच्या षड्जाला भिडायला गेला आणि... घसरला.

"सोडा त्याला," काकू म्हणाल्या. "तोच आहे. रोज तिथंच घसरतो."

त्या दिवशी त्याला काकूंकडं गरम पोळ्या मिळाल्या, आणि पैलवानांकडून कानाला लावायला तेल.

संध्याकाळी विद्याधर पळतच चिंचेखाली आला. कान टोमॅटोसारखा, डोळे चमकत होते.

"बाबा! अख्खी बिल्डिंग धावली! मला हाणलं, पण तंबोऱ्याला ओरखडा नाही! काकू म्हणतात, खुशाल लग्नाला जा, तंबोरा आमच्या दिवाणावर राहील. उद्याच निघतो मी!"

"मग जा की."

विद्याधर दोन पावलं गेला. थांबला. मागं वळला.

"पण बाबा... काकूंची माझी ओळख आजचीच. त्यांच्यावर भरवसा ठेवू ना?"

"तिनं तुझ्यावर ठेवला का?"

"कुठला! लाटणं घेऊन उभ्या होत्या."

"मग ठेव."