बासनाची गाठ

एका देव्हाऱ्यात लाल बासनात बांधलेली जुनी पोथी होती. घरचे तिला रोज हळदकुंकू वाहत, पण उघडत कोणी नसे. आत कसर लागली होती.

"बासना, गाठ जरा सैल कर ना. नाहीतर कोणी न वाचताच मी संपेन," पोथी म्हणाली.

"अगं, आजकालची मुलं तुला कुठली वाचतात! आणि गाठ सुटली, तर मला कोण विचारणार?"

तरी बासनाला तिची दया आली. सकाळी कॉलेजात जाणारी मृण्मयी फूल वाहायला आली, तेव्हा त्याने गाठ सोडून दिली. पोथी उघडली. मृण्मयीने एक ओवी वाचली, मग दुसरी.

"आई, हे तर मला कळतंय गं!" म्हणत ती बासन मांडीवर अंथरून तिथेच वाचत बसली.

उठताना तिने खुणेसाठी बासनाचंच टोक पानात घातलं. गाठ मात्र मारली नाही.