वाऱ्याचा खर्च

ते राज्य मेणाचे होते आणि तिथला उकाडा दरवर्षी वाढत होता. मध वाढला तशा माश्या वाढल्या, आणि एवढ्या माश्यांच्या अंगाच्या उबेने पोळे आतून तापू लागले. दारात पंख हलवून आत वारा घालणाऱ्या माश्या होत्या, म्हणून कसेबसे निभत होते.

कोठारिणीच्या डोळ्यांत या पंखेवाल्या खुपत. राज्याचा मध तिच्या ताब्यात असे. बाई नाकासमोर चालणारी, कष्टाळू आणि कमालीची चिक्कू. पंखेवाल्यांना जेवायला घालणे तिच्या जिवावर येई. एका थेंबासाठी रानोमाळ हिंडावे लागते, आणि या मेल्या जागच्या जागी पंख हलवून तो फस्त करतात! मेणाची मोजदाद मात्र ती ठेवत नसे, कारण मेण खाता येत नाही.

एके दिवशी तिने राणीपुढे वाऱ्याचा खर्च मांडला. उकाड्याने व्हायचे नुकसान अजून झालेलेच नाही, मग ते हिशेबात धरायचे कसे, असा तिचा सवाल होता. दरबारातल्या माश्यांनी माना डोलावल्या. त्यांची पोटे भरलेली होती.

पंखेवाल्यांची म्होरकी चवरी तेवढी पुढे आली. "बाई, वरच्या घरांचं मेण पायाला चिकटायला लागलंय. खाली पोरं झोपलीत."

"काळजी तुला तुझ्या पोटाची," कोठारीण म्हणाली. "पोरांना कशाला पुढे करतेस?"

चवरीला ते फार लागले. त्याच दिवशी तिला राज्याबाहेर काढले. निम्म्या पंखेवाल्या मध आणायच्या कामाला जुंपल्या, उरलेल्यांचा शिधा तोडला. त्या ऊन चढताच गळून पडू लागल्या. वाचलेला मध कोठारिणीने वरच्या घरांत काठोकाठ भरला. राणीने तिचे भर दरबारात कौतुक केले, आणि ती आठवडाभर तोऱ्यात फिरली.

ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती वरची घरे आपल्याच भाराने वाकली आणि तुटली. मध पिल्लांच्या घरांत शिरला. कोठारीण भेदरून चवरीला हाका मारत सुटली, पण दारात कुणीच नव्हते. मग ती स्वतःच तिथे उभी राहिली आणि वारा घालायला तिने पंख उचलू पाहिले. ते उचलेनात. वरून मधाची जाड धार त्यांच्यावर सावकाश उतरत होती.