बरोबरीत सुटलेली लढाई

फार वर्षांपूर्वी ओढ्यातल्या एका सपाट खडकासाठी दोन्ही काठांचे खेकडे लढले. लढायला नांग्याच उरल्या नाहीत, तेव्हा वाचलेले सगळे आपापल्या बिळांत परतले. खडक मधेच राहिला, रिकामा.

"नाचा रे!" म्हातारा नाईक ओरडला. "लढाई बरोबरीत सुटली!"

चिंबोरी काकू बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिचा एकुलता लेक परतला नव्हता.

"बरोबरीत म्हणजे कसं, नाईकभाऊ?"

"आपले मेले तेवढेच त्यांचे. नाक राहिलं आपलं!"

"नाक राहिलं, नांग्या गेल्या," म्हणत काकू पाण्यात उतरली.

"अगं, पलीकडं वैरी आहेत!"

"तुमच्या हिशोबात माझा लेक तिकडच्या कुणाच्या लेकाबरोबर फिटला, तेवढं सांगा. त्या आईशेजारी जाऊन बसते. इथं सगळे नाचताहेत."