तुळशीरामची अडचण सुटते

एका गावात एक भोळा लाऊडस्पीकरवाला होता. नाव तुळशीराम. बारसं असो, जागरण असो, ग्रामसभा असो, कर्णा तुळशीरामचाच. माणूस गुणी. कुणी एकदा काही सांगितलं, की जन्मात विसरायचा नाही. तेवढाच काय तो दोष. त्या दोषापायी वय एकतीस झालं तरी लग्न जमलं नव्हतं.

एके दिवशी मशीन बिघडलं. चालू केलं की कर्ण्यातून नुसतं 'घूंऽऽ'. वायरीच्या दुकानदारानं त्याला मोबाईलवरच्या एका ग्रुपात घातलं. 'मशीन दुरुस्ती मदत मंडळ'. चारशे बारा माणसं. प्रमुख मोघे सर, निवृत्त इंजिनिअर.

तुळशीरामला घरचं वळण चांगलं. त्यानं लिहिलं, "नमस्कार. सगळे जेवलात का?"

अकरा जण "हो" म्हणाले. म्हणजे चारशे एक उपाशी. तुळशीरामनं प्रत्येकाला नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. विचारता विचारता म्हशीच्या नव्या रेडकाचा फोटोही टाकला. कुणीतरी विचारलं, "नाव काय ठेवलं?" झालं. दुपारपर्यंत मंडळात रेडकाचं बारसंच चाललं.

मोघे सर तापले. "इथं अवांतर बोलू नये. नमस्कार-चमत्कार नको. आल्याबरोबर अडचण सांगावी!"

"बरोबर आहे. चुकलंच माझं," तुळशीराम म्हणाला आणि त्यानं ते पाठ केलं.

तेवढ्यात दारात मामा आले. वीस कोस उन्हातून, भाच्यासाठी स्थळ घेऊन.

"काय तुळशीराम, बरं आहे ना?"

"अवांतर नको. अडचण सांगा."

"अरे, घोटभर पाणी तरी दे!"

"पाणी प्यायची अडचण आहे का? मग तसं आधीच सांगायचं."

मामा चपला न काढताच वळले. आई वेशीपर्यंत पळत गेली, हातापाया पडली, तेव्हा कुठं मामांनी मुलीकडच्यांना रविवारी आणायचं कबूल केलं.

तुळशीरामनं मंडळात लिहिलं, "मशीन घूं करतंय."

सर म्हणाले, "एवढ्यावरून काय कळणार? कोणतं मॉडेल, किती जुनं, कुठं काय बिघाड, आधी काय काय उपाय केले, सगळं सांगावं. काही लपवू नये!"

"बरोबर आहे. चुकलंच माझं."

रविवारी पाहुणे आले. मुलगी वनिता आणि तिचे वडील रंगराव. पोहे झाले. रंगराव म्हणाले, "हं, घरच्यांची ओळख करून द्या."

तुळशीराम उभा राहिला. "ही आई. एकाहत्तरचं मॉडेल. डावा गुडघा करकरतो. दोनदा तेल लावून पाहिलं, फरक नाही. सकाळी लवकर चालू होते, पण एकदा चालू झाली की बंद होत नाही. हे मामा. बाहेरून ठीक. वरचे चार दात बदललेले आहेत. आणि हा मी. एकतीस वर्षं जुना. आतापर्यंत नऊ ठिकाणांहून परत आलोय."

आईनं पदर तोंडात कोंबला. मामा दात आवळून बसले, चारही. रंगराव मात्र गदगदा हसले. "बत्तीस स्थळं बघितली. सगळीकडे मुलगा सोन्याचा! खरं बोलणारा हा पहिलाच." आणि खाली मान घालून बसलेल्या वनिताचे खांदेही हलत होते. लग्न ठरलं!

इकडे मशीनची घूं तशीच. तुळशीरामनं सगळी हकिकत लिहिली आणि वर पाच वेळा विचारलं, "सांगा ना, काय करू?"

सर म्हणाले, "तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये. आधी मागं शोधावं. उत्तर दिलेलं असतं!"

तुळशीराम घराच्या मागं गेला. गोवऱ्यांचा ढीग उपसला. उत्तर मिळालं नाही, पण दोन वर्षांपूर्वी हरवलेला विळा सापडला. सरांचं म्हणणं त्याला एकदम पटलं.

संध्याकाळी वनिताचा फोन आला. लाजत लाजत तिनं विचारलं, "मी आवडले का तुम्हाला?"

"हो," तुळशीराम म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "खरंच आवडले का हो?"

"हा प्रश्न विचारून झालाय. मागं शोधा."

वनितानं फोन ठेवला, तो दोन दिवस उचललाच नाही. तुळशीरामला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी आईनं फोन केला आणि सांगितलं, "पोरी, विळा सापडल्यापासून तो असं करतोय." वनिताला काही कळलं नाही, पण हसू आलं. हसू आलं तिथं राग गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मंडळातल्या एका भल्या माणसानं लिहिलं, "अर्थिंगची वायर ढिली असेल. घट्ट करून बघा." तुळशीरामनं वायर घट्ट केली. घूं गेली! तो मशीन घेऊन मांडवाकडे पळाला.

मोघे सर पुन्हा तापले. "काम झालं की पळून जाता? अडचण सुटली, तर सगळ्यांसमोर तसं सांगावं. उपाय सांगणाऱ्याचे आभार मानावेत. विषय बंद करावा. आणि पुढं पुन्हा काही अडचण आली, तर जुनं उकरत बसू नये, सरळ नवीन काढावं!"

"बरोबर आहे. चुकलंच माझं. आता चुकणार नाही," तुळशीराम म्हणाला आणि मांडवात बोहल्यावर चढेपर्यंत तेच घोकत राहिला.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. हार घातले. सहाशे माणसं टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात नवरदेवानं गुरुजींच्या हातातला माईक घेतला.

"सर्वांना कळवण्यात येतं की माझी अडचण सुटली आहे. उपाय वनिता. उपाय सांगणारे मामा, त्यांचे आभार. हा विषय बंद. पुढं काही अडचण आली, तर हे लग्न उकरत बसणार नाही. सरळ नवीन काढीन."

टाळ्या थांबल्या. रंगरावांचा फेटा घसरला. मामांनी डोळे मिटून घेतले.

वनितानं शांतपणे त्याच्या हातातला माईक घेतला. म्हणाली, "मंडळी, यांची अडचण सुटलेली नाही. आत्ता सुरू झालीय."

मांडव असा हसला, की आचारी झारा हातात घेऊनच बाहेर आले. रंगराव हसले, मामा हसले, आईनं सुनेची अलाबला घेतली.

तुळशीराम तेवढा हसला नाही. त्यानं घाईघाईनं माईक परत घेतला आणि दक्षिणा मोजत निघालेल्या गुरुजींना हाक मारली.

"गुरुजी, थांबा, जाऊ नका! अडचण सुरू झाली म्हणतेय. नवीन लग्न आत्ताच काढायचं, का जेवणं झाल्यावर?"