पाच कोसांची चमक

एका खाडीकाठच्या गावात सावळ्या नावाचा एक भोळा गडी होता. चाळिशी उलटली तरी भोळाच. त्याहून भोळे त्याचे मालक दाजीशेट. पण हे त्यांना फार उशिरा कळलं.

शेटचा धंदा विड्याच्या पानांचा. शनिवारी जत्रेला चाळीस करंड्या जायच्या होत्या. हसन नाखव्याची होडी असायची पाच कोसांवर, खाडीच्या तोंडाशी. माणूस पाठवून बोलवावी तर भरती निघून जाते, पानं कोमेजतात. शेटनी शक्कल काढली. नाखव्याला सांगून ठेवलं, "टेकडीवर आरसा चमकला की निघ." पण चमक तेवढी लांब दिसते का?

"सावळ्या, आरसा घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत जा. वाटेत चमकवत राहा. दिसतं का ते बघू. तिकडची चमक इकडे दिसली की इकडची तिकडे दिसणारच. उजेडाला जकात थोडीच लागते!"

शेट दिवसभर माडीवर. चमक नाही. संध्याकाळी सावळ्या हसत आला.

"शेट, पाच कोसांवरूनसुद्धा लख्ख दिसतं! गालावरचा तीळही दिसला."

"अरे गाढवा, आरसा दुसऱ्याच्या डोळ्यांवर धरायचा!"

"असं होय!"

मंगळवारी सावळ्या निघाला. वाटेत पहिला 'दुसरा' भेटला तो शेटच्याच गाडीचा बैल. सावळ्याने नेम धरला. बैल उधळला, गाडी चिखलात.

"जवळ कुणी असलं की आरसा फडक्यात गुंडाळावा रे!"

"असं होय!"

बुधवारी शेट दाढीला बसले. सावळ्याला म्हणाले, "आरसा धर." सावळ्याने पाहिलं, शेट अगदी जवळ. त्याने आरसा गुंडाळला. आरसा गेला कुठे म्हणून शेटनी मान वळवली आणि वस्तरा अर्ध्या मिशीवरून फिरला.

"आरसा एकदा लावला की तिथून हलवायचा नाही! कळलं?"

"कळलं, शेट."

गुरुवारी शेट अर्ध्या मिशीनिशी माडीवर. आणि काय सांगावं! चमक दिसली, खाडीच्या तोंडाच्याच दिशेला. दुपारी दिसली, उन्हं कलली तरी दिसली. रात्री सावळ्या पाय ओढत परतला.

"तोंडापर्यंत गेलास?"

"गेलो की."

शेटनी गावभर पेढे वाटले. "पाच कोस! डोकं लागतं त्याला."

शुक्रवारी सकाळी धक्क्याला होडी लागली. नाखवा खाली उतरला.

"दाजीशेट, काल दिवसभर चमकवताय! आलो बघा. माल कुठाय?"

माल वेलीवर होता. शेट म्हणाले, "मी कुठे चमकवलं? चमक तर तुझ्याकडून आली!"

"माझ्याकडून? ती काय, टेकडीवरच्या जांभळीत चमकतेय."

सगळ्यांनी वर पाहिलं. फांदीला टांगलेला आरसा वाऱ्यावर हेलकावे घेत होता.

"सावळ्या!"

"तुम्हीच म्हणालात, शेट, लावला की हलवायचा नाही. मी तोंडापर्यंत गेलो. त्याला कशाला चालवायचं?"

नाखवा रिकामी होडी घेऊन परत गेला.

शनिवारी चाळीस करंड्या धक्क्यावर आल्या. शेट स्वतः टेकडीवर चढले आणि दंड भरून येईपर्यंत आरसा चमकवत राहिले. चमक पाच कोस गेली. अगदी स्वच्छ दिसली.

नाखव्याने ती पाहिली, कूस बदलली आणि खलाशाला म्हणाला, "झोप रे. शेटच्या जांभळीत वारा सुटलाय."