तासाला एक पायरी

एका गावात एक मोठा हौद होता आणि अख्ख्या गावाची तहान त्याच्यावर भागायची. हौदाला आतून बारा पायऱ्या होत्या. शेजारच्या विहिरीवर रोज सकाळी दोन मोटा चालत आणि हौद भरत.

एक मोट होती एका तरण्या गड्याची. त्याचे बैल असे दांडगे, की देवळात तासाचा टोला पडेपर्यंत पाणी दोन पायऱ्या वर चढायचं. दुसरी मोट एका विधवा बाईची. नवरा गेल्यावर तिनं बैलांचा कासरा हाती घेतला होता. तिचे बैल थकलेले, मोट लहान. तिच्या मोटेनं पाणी तासाला एकच पायरी चढायचं. पण तिनं कधी खाडा केला नाही. या कामाचं गाव तिला वर्षाचं धान्य देई, त्यावर तिची चूल पेटे.

गडी एकटा असला तर हौद सहा तासांत भरायचा, दोघं मिळून चार तासांत. हे पोरासोरांनाही पाठ होतं. पण त्या उन्हाळ्यात काय झालं कोण जाणे, दोन्ही मोटा चालूनही सहा तास लागायला लागले.

एके सकाळी पाटील हौदावर आला. सगळ्या गावासमोर म्हणाला, "गडी एकटा असला तरी सहा तास, ही जोडीला असली तरी सहा तास. मग ही करते काय? नुसते बैल फिरवते! उद्यापासून हिची मोट बंद. हिचं धान्य गड्याला."

ज्या बायका रोज तिनं ओढलेलं पाणी भरून न्यायच्या, त्याच पदराआड हसल्या. गडीही गप्प राहिला. फुकटचं धान्य कुणाला नको असतं?

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कासरा ओढून ओढून तिच्या हाताला घट्टे पडलेले, आणि हा माणूस सावलीत उभा राहून म्हणतो, ही काहीच करत नाही! तिनं तिथल्या तिथं बैल सोडले.

"पाटील, म्या काहीच करत न्हाई ना? मग म्या थांबले तर काही बिघडायला नको. आत्ता पाणी सहाव्या पायरीला हाय. टोला आत्ताच पडला. आता ह्याला एकट्याला हाकू द्या. पुढच्या टोल्याला पाणी आठवीला लागलं, तर म्या माझ्या पायानं गाव सोडून जाते!"

"हाक रे!" पाटील हसत म्हणाला. गड्यानं मोट हाकली. थोड्या वेळानं मात्र पाटलाचं हसू मावळलं. "मला जरा मळ्याकडं जाऊन यायला हवं," तो म्हणाला.

"बसा की," एक म्हातारा म्हणाला. "न्याय तुम्हीच केलाय, निकाल बघून जा."

टोला पडला. पाणी सातव्या पायरीलाच होतं.

"तू हळू हाकलीस!" कुणीतरी गड्यावर ओरडलं.

"आधी बैलांच्या तोंडचा फेस बघा!" गडी खवळला. स्वतःवर आल्यावर त्याला वाचा फुटली.

बाई म्हणाली, "त्यो कामचुकार न्हाई, आन् म्या बी न्हाई. त्याच्या दोन पायऱ्या आन् माझी एक, तासाला तीन चढायला हव्यात. चढत होत्या दोन. आता त्याच्या एकट्याच्या दोन चढायला हव्यात, तर चढली एक. दोन्ही खेपेला एकच पायरी कमी. तासाला पायरीभर पाणी कोण पितंय, ते शोधा!"

गड्यानं हौदात उडी घेतली. तळाशी त्याच्या पायाला पाण्याची ओढ लागली. तिथं खापराचा एक नळ होता. त्याचं तोंड त्यानं मुंडाशानं घट्ट बुजवलं. नळाच्या मागानं माती उकरत गाव निघालं ते थेट पाटलाच्या पानमळ्यात पोचलं. तिथं पाटलाचा नोकर बसला होता. मोटा सुरू झाल्या की तो नळाचा बोळा काढी, हौद भरला की बसवी. गावाच्या घशाला कोरड पडली होती आणि पाटलाच्या पानवेली हिरव्यागार डोलत होत्या. चोरी ह्याची, आणि बोट त्या बाईकडं!

लोकांनी नळ फोडला. पाटलाची पाटीलकी गेली आणि महिनाभरात पानमळाही वाळला.

त्या दिवशी हौदावर परतल्यावर बायका बाईजवळ आल्या. "आमचा हिशेब चुकला गं," त्या म्हणाल्या.

"हिशेब कुठं चुकला?" बाई कडाडली. "सहा तास लागत होते, ते खरंच होतं. पण पाणी जातंय कुठं, हे एकीनं तरी इचारलं का? चोर कोण, ते तुमी आधीच ठरवून बसला होता!"

बाईनं बैल जुंपले. हौदाच्या पाच पायऱ्या अजून भरायच्या होत्या.

तात्पर्य: हिशेब जुळेना झाला, की सगळ्यांत दुबळ्याकडं बोट दाखवू नये, भर घालणाऱ्याला जाब विचारण्याआधी उपसणारा कोण आहे, ते शोधावं.